मासा सोडून दिला, मग पैसे कशाचे?

जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या तोंडाशी घाटघर वसले आहे. शेजारी जीवधनाचा कडा, पुढ्यात कोकणात उतरणारी खिंड. मृगाचा पहिला दणका बसला की इथल्या ओढ्यांना तांबडे पाणी येते आणि त्या पाण्याच्या विरुद्ध मासे चढू लागतात. कुणी त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुणी वळगणीचे. ओढ्यातून पाटात, पाटातून थेट भातखाचरात. रात्री पोरे बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. खाचराच्या तोंडाशी कुणी बांबूचा सापळा लावतो, कुणी जुनी मच्छरदाणी धरून उभा राहतो. तासाभरात पातेले भरते. त्यातले पुष्कळसे मासे गाभोळीने पोट टरारलेले असतात, आणि खाणाऱ्याला त्याचेच अप्रूप.

अशाच एका जूनमध्ये ओळखीच्या एका घरी मी मुक्कामाला होतो. घरची भातशेती पावसाच्या भरवशाची, जोडीला हिरड्याचा थोडाफार पैसा. थोरला मुलगा शनिवार-रविवारी नाणेघाट आणि जीवधन पाहायला येणाऱ्या मंडळींना वाट दाखवतो. त्या रात्री त्याचा एक पाहुणा पावसात अडकून घरीच राहिला होता. मुंबईचा माणूस, जहाजावर नोकरी केलेला. चुलीपुढे बसून मासे साफ करण्याचे काम चालले होते. बोलता बोलता पाहुणा म्हणाला, "मी एकदा एक मासा धरायला एका दिवसाचे पाचशे डॉलर मोजले होते."

"केवढा व्हता?" घरधन्याने विचारले.

"असेल दीड-दोन किलोचा."

"मंग काय केलं त्याचं?"

"सोडून दिला पाण्यात."

सगळे घर हसले. आजीने मात्र हातातली विळी थांबवली आणि सरळ विचारले, "मासा सोडून दिला, मंग पैसं कशाचं दिलं, बाबा?"

"तो कुठं उभा आहे, हे दाखवणाऱ्याला दिले, आजी."

वाचकहो, आजीचा प्रश्न वेडगळ नव्हता. त्या प्रश्नाच्या मागे लागूनच मी हा विषय जरा खोलात जाऊन पाहिला.

गुडघाभर पाण्यातली शिकार

पाहुणा गेला होता बहामाज या देशात. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांताच्या आग्नेयेला समुद्रात विखुरलेली ही बेटे. त्यांच्याभोवती मैलोन् मैल उथळ समुद्र पसरला आहे. खाली पांढरी वाळू नाहीतर चुन्याचा चिखल, मधूनमधून समुद्री गवत, कडेला तिवराची झाडी, आणि वर घोट्यापासून मांडीपर्यंत खारे पाणी. कोकणातले खाजण ज्याने पाहिले आहे त्याने तेच खाजण डोळ्यांपुढे आणावे, फक्त पाणी काचेसारखे नितळ करावे.

भरती आली की खोल पाण्यातले मासे या उथळ पट्टीवर चरायला चढतात. गुरे माळावर जावीत तसे. वाळूत तोंड खुपसून खेकडे, झिंगे, शिंपले उकरतात. ओहोटी लागली की पुन्हा कडेच्या खोल पाण्यात उतरतात. तिथला नावाजलेला मासा म्हणजे बोनफिश. चांदीसारखा चकचकीत. अंगावर पाण्याचे नि वाळूचे असे प्रतिबिंब पडते की नवख्याला तो दिसतच नाही. दिसते ती त्याची सावली. किंवा तोंड खाली करून चरताना शेपटीचे टोक पाण्याबाहेर येते, ते चमकते. मासा आकाराने मोठा नाही, पण गळाला लागला की शंभर-शंभर मीटर दोरी एका दमात ओढून नेतो. याच पाण्यावर खेकडे खाणारा, महा संशयी असा पर्मिट मासा येतो, आणि माणसाएवढा वाढणारा, पाण्याबाहेर उड्या घेणारा टार्पन येतो.

आता ही मासेमारी चालते कशी ते पाहा. होडी सपाट बुडाची, वीतभर पाण्यातही तरंगणारी. यंत्र बंद करतात, कारण उथळ पाण्यात आवाज लांबवर जातो. होडीच्या मागच्या बाजूला एक उंच माची असते. तिच्यावर वाटाड्या उभा राहतो आणि पंधरा-वीस फुटी वासा तळाला टेकवत होडी हळूहळू पुढे रेटतो. गळवाला पुढे उभा. सूर्य शक्यतो पाठीशी, डोळ्यांवर पाण्याची तिरीप मारणारा चष्मा. वाटाड्याची नजर तळावर फिरत असते. तो हलक्या आवाजात सांगतो, "अकरा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय." म्हणजे होडीचे नाक बारावर धरायचे आणि घड्याळातला अकराचा काटा दाखवील त्या दिशेला पाहायचे. मग एकच फेक. माशाच्या पुढे चार हात पडली तर ठीक. डोक्यावर पडली तर सगळा थवा उधळतो आणि पुन्हा तास-दोन तास वासा मारत फिरायचे.

आमिषही खरे नसते. गळालाच पिसे, केस, धागे बांधून झिंग्यासारखे किंवा खेकड्याच्या पिल्लासारखे रूप देतात. त्याला तिकडे माशी म्हणतात, कारण ही विद्या मुळात गोड्या पाण्यावर, किड्यांची नक्कल करून सुरू झाली. आपला गळ दूर जातो तो शिशाच्या वजनाने. या माशीला वजन नाहीच म्हणा ना. वजन असते ते दोरीत. जाड, जड दोरी लवचीक काठीने मागे-पुढे हवेत खेळवायची आणि आसुडासारखी उलगडून सोडायची. टोकाला बारीक तंगूस, त्याच्या टोकाला माशी. पाहुण्याने पावसातच अंगणात उभे राहून कासऱ्याने ते करून दाखवले. कासरा आधी त्याच्याच मानेभोवती गुंडाळला, मग गोठ्याच्या मेढीला. तिसऱ्या खेपेस मात्र सुरेख उलगडला.

तर पाचशे डॉलर गेले ते यासाठी. कोणत्या तिथीला भरती किती चढते, वारा पूर्वेचा असला की कोणती पट्टी टाळायची, गढूळ पाण्याचा ढग दिसला तर तो माशांच्या चरण्याचा की वाऱ्याचा, हे त्या वाटाड्याने आयुष्यभर त्या पाण्यावर राहून शिकलेले. पुष्कळदा बापाकडून मुलाकडे आलेले. परक्याला हे पुस्तकातून मिळत नाही, म्हणून तो मजुरी देतो आणि वर आदराने बोलतो. आपल्याकडे रानातली औषधी ओळखणाऱ्याला, विहिरीचे पाणी सांगणाऱ्याला मान होता. माशाची जागा सांगणाऱ्याला मान असतो हे आपण कधी पाहिले नव्हते, एवढेच.

जिवंत माशाचा हिशोब

बहामाजमध्ये पूर्वी हा मासा जाळ्यानेही धरत आणि खात. नावाप्रमाणे काटेच काटे, पण खाणारे खायचेच. पुढे हिशोब ध्यानात आला. जाळ्यात मेलेला मासा एकदा विकला जातो. गळाला लागून सुटलेला मासा पुन्हा वाढतो आणि दुसऱ्या पाहुण्याला पुन्हा लागतो. तिथे आता हा मासा जाळ्याने धरण्यास आणि विकण्यास मनाई आहे. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या छोट्या देशाने २००९ साली बोनफिश, पर्मिट आणि टार्पन हे तिन्ही मासे धरले तर सोडलेच पाहिजेत असा कायदा केला. फ्लोरिडाने २०१३ साली बोनफिशबाबत तोच नियम लावला.

पण सोडला म्हणजे जगला, असे नव्हे. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा कळले की फार वेळ झुंजवलेला, फोटोसाठी हवेत धरून ठेवलेला मासा पाण्यात सोडला तरी भोवंडलेला असतो आणि जवळ शार्क असला तर तो त्याला तिथेच गाठतो. म्हणून तिथले चांगले वाटाडे गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतात, माशाला ओल्या हातानेच धरतात, होईल तर पाण्याबाहेर काढतच नाहीत, आणि शार्क फिरताना दिसला तर गिऱ्हाईक कितीही रुसो, जागा बदलतात. ओला हात कशासाठी? तर माशाच्या अंगावर जो बुळबुळीतपणा असतो तीच त्याची कातडीवरची राखण. कोरड्या हाताने ती पुसली जाते आणि मग तिथे बुरशी, रोग शिरतो.

या माशाची एक गोष्ट ऐकून आजीही पुढे सरकून बसली. चरण्यासाठी उथळ पाण्यावर येणारा हा मासा अंडी घालायला मात्र उथळावर थांबत नाही. हिवाळ्याच्या महिन्यांत पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास हजारोंनी जमतात, रात्री खोल समुद्राकडे जातात आणि तिथे काळोखात खोलवर बुडी मारून अंडी सोडतात. म्हणजे आपल्या चढणीच्या माशांच्या अगदी उलट. आपले मासे वर्षभर डोहात राहतात आणि अंडी घालायला खाचरासारख्या उथळ पाण्यात येतात. तिकडच्या लोकांना त्या जमण्याच्या जागा कळल्या तेव्हा त्या राखायची धडपड सुरू झाली. आपल्याला आपल्या जागा पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत, आणि आपण नेमके तिथेच सापळा लावतो.

हे कुणाला बोल लावायला लिहीत नाही. त्या रात्रीचे कालवण मीही खाल्ले, आणि दुसऱ्यांदा वाढूनही घेतले. पण समुद्रावर जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते ती माशांच्या विणीसाठीच, हे आपल्याला पटते. ओढ्यावर मात्र असा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

घाटाखाली आणि घाटावर

एके काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. सातवाहनांच्या काळी या वाटेवर जकात घेत, असे सांगतात आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण दाखवतात. त्याच खाऱ्या पाण्याच्या पट्टीत, आणखी दक्षिणेला, आपल्याकडचे एक उदाहरण आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला बचत गटाच्या बाया होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. झाडे कोणती, पक्षी कोणता, कुठल्या चिखलात कोणता जीव, हे त्या सांगतात. कोळ्याच्या घरातल्या ज्ञानाला पैसा मिळू लागला तो मासा न मारता. तिथे गळ नाही, माशी नाही. पण होडी तीच, उथळ खारे पाणी तेच, आणि वाटाड्याची मजुरीही त्याच जातीची. आपल्या खाड्यांत जिताडा आहे, तांबोसा आहे, वाळूवर रेणवी आहे. हौशी मंडळी काठ्या घेऊन कोकणात उतरतातही. मात्र बहामाजसारखे काचेचे पाणी आपल्याकडे नाही, आपल्या खाड्या गाळाच्या. मासा डोळ्यांनी पाहून फेक टाकण्याचा तो खेळ इथे जसाच्या तसा व्हायचा नाही.

आणि घाटावर? इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. घाटघरचे बहुतेक लोक महादेव कोळी. नावात कोळी असले तरी समुद्राशी यांचा संबंध नाही, हे डोंगरातले शेतकरी. तरी ओढ्यातल्या माशांची नावे यांच्या तोंडी आहेत, आणि अशीच नावे जगाच्या पुस्तकात गेली आहेत. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडला. १८३९ साली इथल्या माशांची शास्त्रीय वर्णने छापून आली तेव्हा त्याने लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन नावांत घातली. खुद्री, कोळस, नुक्ता, मल्या. आजही जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला दख्खनच्या महसीर माशाचे नाव घ्यायचे तर 'टॉर खुद्री' असेच म्हणावे लागते.

हा महसीर, ज्याला आपल्याकडे खडची किंवा खडशीही म्हणतात, गळवाल्यांचा लाडका. जोरकस, वाहत्या पाण्यात राहणारा, चढणीला वर जाणारा. लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची पिल्ले तयार करून नद्यांत सोडली. काम चांगले, पण त्यालाही एक उलटी बाजू निघाली. हीच पिल्ले कर्नाटकात कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या, पाठीवर वशिंड असलेल्या महसीरच्या जागेवर ती पसरली. तो मूळ मासा आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. दुसऱ्याच्या ओढ्यातले बी आपल्या ओढ्यात टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा तो यासाठी.

त्याच कावेरीवर गळवाल्यांच्या छावण्या होत्या. सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांतल्याच काहींना तिथे वाटाडे म्हणून कामाला घेतले आणि तेच नदीचे राखणदार झाले. पुढे २०१०च्या सुमारास, अभयारण्यात गळ टाकणे म्हणजेही शिकारच, असा वन्यजीव कायद्याचा अर्थ लावला गेला आणि छावण्या बंद पडल्या. दोन्ही बाजूंची माणसे आजही यावर भांडतात. माझे मत विचाराल तर सुरुंगापेक्षा गळ बरा, पण कायदा कायदाच. आंबेगावच्या बाजूला भीमाशंकर अभयारण्य आहे, तिथल्या ओढ्यांवर हा विचारही मनात आणू नये.

धरणाच्या पाण्याचे वेगळे. घाटघरकडचे पाणी कुकडीने खाली माणिकडोहच्या जलाशयात जाते. आंबेगावात घोड नदीवर डिंभे आहे. अशा जलाशयांतला मासेमारीचा हक्क सरकार ठेक्याने देते, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला. डिंभ्यात ज्या आदिवासी कुटुंबांच्या जमिनी बुडाल्या त्यांनी 'शाश्वत' संस्थेच्या साहाय्याने आपली मच्छीमार सोसायटी उभी केली, आणि ज्या पाण्याने शेत नेले त्याच पाण्यातून मासा काढू लागली. तेव्हा कुणी पाहुणा काठी घेऊन आला तर आधी त्या पाण्याचा धनी कोण हे विचारावे, त्याची परवानगी घ्यावी, आणि त्याचा वाटा त्याला द्यावा. सोसायटीच्या माणसाइतका चांगला वाटाडा दुसरा कोण मिळणार? कोणत्या बुडालेल्या बांधावर मासा चरतो, हे त्याने तो बांध कोरडा असताना नांगरलेला असतो.

फार मोठी आशा मात्र बाळगू नये. बहामाजचा वाटाडा ज्या गिऱ्हाइकावर जगतो ते सातासमुद्रांपलीकडून येते, आणि वादळ किंवा साथ आली की येतही नाही. आपल्याकडे हा धंदा होईल तो भाताच्या नि हिरड्याच्या जोडीचा, वर्षातले पाच-पंचवीस दिवसांचा. जीवधनाची वाट दाखवण्याचे जसे झाले तसा.

मासा राखणे आपल्याला नवे नाही, हेही इथेच नोंदवतो. महाडजवळ वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात तिळसे इथे डोहातले मासे देवाचे मानतात. कुणी धरत नाही. लोक मुद्दाम जातात, काठावर बसून लाह्या टाकतात, आणि हातभर लांबीचे मासे वर येऊन तोंडे उघडतात. हे मी आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग आधी सांगायचं ना असं. द्येवाचं म्हणला आस्तास तर हसलो नसतो."

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. पाहुणा निघायच्या तयारीत होता. थोरला मुलगा त्याला विचारत होता, काठी कितीला पडते, माशी घरी बांधता येते का. पाहुण्याने कोंबड्याच्या मानेची पिसे चालतात म्हणून सांगितले, तेव्हा अंगणातल्या कोंबड्याकडे सगळ्यांचीच नजर गेली. मग त्याने वही काढली आणि विचारले, "पाऊस सरल्यावर पाणी निवळलं की इथं मासा कुठं असतो?"

मुलगा विचारात पडला. तो बापाकडे पाहू लागला, बाप ओढ्याकडे. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भादव्यात पाणी निवाळलं की खालच्या डोहात, उंबराच्या मुळीखाली. सकाळचं ऊन दगडावर आलं की भाइर येतो, तोवर न्हाई. सावली पाडायची न्हाई, न्हाईतर दिसभर बसा."

पाहुणा भराभर लिहून घेऊ लागला. तेव्हा आजीने सूप खाली ठेवले.

"लिव्हतोस काय नुस्तं? हे सांगायचं किती देनार, ते बोल आधी."